जिचं नाव, तिचा किनारा

जुनी होडी फोडली त्या दिवशी आक्का घराबाहेर पडली नाही. मांडीवर सूप घेऊन धान्य निवडत बसली होती, पण धक्क्यावरच्या कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला की तिची बोटं थांबायची. संध्याकाळपर्यंत मूठभर खडे काय ते वेगळे झाले होते, आणि त्यातलेही निम्मे धान्याचे दाणेच निघाले.

दिवेलागणीला भाऊ घरी आला तो खांद्यावर एक फळी घेऊन. आक्काच्या खोलीत त्याने ती भिंतीला टेकवली.

"ठेव तुझ्याकडे. बाकीचं जळणाला गेलं."

ती होडीच्या पाठची फळी होती. तिच्यावर आक्काचं नाव होतं. रंगाऱ्याने दर वर्षी गिरवून गिरवून अक्षरांवर रंगाचे इतके थर चढले होते की डोळे मिटून बोट फिरवलं तरी नाव वाचता यावं.

नाव तिचंच, पण त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आई मारायची, बाबा मारायचे. ते दोघे गेले. पाठच्या भावाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं, त्याची ती आक्का झाली, मग साऱ्या गल्लीची आक्का झाली. लग्नाचं बघू, बघू म्हणता राहून गेलं. पुढे भावाच्या लेकीची आत्या झाली. एवढ्या सगळ्यात मूळचं नाव कुठे वापरायचं? ते फक्त धक्क्यावर वापरात होतं. रोज संध्याकाळी होडी लागली की हमाल ओरडायचे, "आली रे आली!" आणि तिचं नाव घ्यायचे. "टोपल्या आणा, टोपल्या!" आवाज राकट, घसा बसलेला. पण स्वयंपाकघरात पदराला हात पुसत असलेल्या आक्काला क्षणभर वाटायचं, आपल्याला कुणीतरी बोलावतंय. त्या क्षणापुरती ती "ओ" द्यायला तोंड उघडायची आणि मग स्वतःशीच हसायची.

आता होडी गेली आणि ती हाकही गेली.

त्या बंदराची रीत अशी होती की होडीला नाव द्यायचं ते घरातल्या जित्या बाईचं, आणि ज्या बाईचं नाव होडीवर चढलं तिने त्या होडीत पाय ठेवायचा नाही. जिचं नाव, तिचा किनारा, असं म्हणत. होडीने परत यायचं तर वाट बघणारं कुणी जमिनीवर हवं. तीच जर होडीत जाऊन बसली, तर होडी येणार कुणाकडे? गेलेल्या माणसाचं नाव चालत नसे, कारण गेलेलं माणूस वाट बघत नाही. देवाचंही चालत नसे. देवाला एका किनाऱ्याला कोण बांधून ठेवणार?

आक्काचं नाव बाबांनी होडीला दिलं तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारून तिला काही कळलंही नसतं. तेव्हापासून घरच्या होडीत तिचा पाय पडला नाही. दुसऱ्याच्या होडीत बसायला मनाई नव्हती, पण घरात चूल असताना शेजारी जेवायला कोण जातं?

मग तिने आपल्यापुरता एक नेम धरला. सूर्य टेकला की न्हाऊन-धुऊन देवापुढे दिवा लावायचा, आणि त्याच ज्योतीवर दुसरा एक काचेचा दिवा लावून समुद्राकडच्या खिडकीत ठेवायचा. होडी येईपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही नाही. ताप असो, घरी पाहुणे असोत, नेम चुकला नाही. आधी बाबांसाठी, मग भावासाठी. भाऊ दारात आला की ती विचारायची, "दिवा दिसला का रे?"

"दिसला की," तो म्हणायचा आणि पाय धुवायला जायचा. मग ती दोघांची ताटं घ्यायची.

तिला एकदाच, फक्त एकदा, तो दिवा तिकडून बघायचा होता. आपलं घर पाण्यातून कसं दिसतं, आपण रोज लावतो ती ज्योत लांबून केवढी दिसते, हे गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. लावणारीला तेवढं ठाऊक नव्हतं. ही इच्छा तिने कुणाला सांगितली नाही. देवालाही नाही. देवाकडे असलं काय मागायचं, त्याच्यामागे काय कमी व्याप आहेत?

आता मात्र जुनी होडी जळणाला गेली होती. नवी होडी मिस्त्रीने पुरी करून धक्क्याशी पाण्यात सोडली होती, आणि तिला नाव द्यायचं होतं.

"रंगारी उद्या विचारायला येतोय," भाऊ जेवताना म्हणाला. "आक्का, त्याला तुझंच नाव सांग."

रीतीप्रमाणे नाव घरातल्या थोरल्या बाईने रंगाऱ्याच्या कानात सांगायचं. त्याने ते लिहून वर फडकं बांधायचं आणि होडी कामाला निघते त्या दिवशी ते सोडायचं. तोवर घरधन्यालाही कळत नाही. म्हणजे भाऊ काहीही म्हणाला तरी शब्द आक्काचाच होता.

भावजय वाढता वाढता थांबली. "एकदा झालं ना आक्कांचं? आता पुढच्या पिढीचं नको का?"

"तुझं ठेवू म्हणतेस?"

"माझं माहेरच्या होडीवर आहे. ते काय खरवडून आणू? एक बाई दोन किनाऱ्यांवर उभी राहते होय?" तिने ताटात चमचा आपटला. "मी म्हणते, चिमणीचं ठेवा."

चिमणी म्हणजे तिची लेक. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. ती ताटावरून उठलीच. "माझं नको! मला होडीत बसायचंय!"

"म्हणूनच ठेवायचं! शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला एकीकडे, आणि ही धक्क्यावर. माशांशी सोयरीक जुळवायची आहे का तुझी? एकदा नाव चढलं की पाय आपोआप घरात राहतील."

"आत्याचं नाव होतं, तरी आत्या धक्क्यावर जायचीच की!"

"पायरीपर्यंत जायची," आक्का हळूच म्हणाली. "खालच्या पायरीपर्यंत."

आक्का खाली मान घालून जेवत राहिली, पण तिचं मन ताटात नव्हतं. चिमणीचं नाव. हे तिला आधी सुचलंच नव्हतं. चिमणीचं नाव दिलं की भावजयीच्या मनासारखं होईल, रीत सांभाळली जाईल, आणि आक्काचे पाय सुटतील. कुणी नावं ठेवणार नाही. हवं तेव्हा, हव्या त्या संध्याकाळी ती होडीत चढू शकेल. तिचं काळीज असं काही उडालं की तिला स्वतःचीच लाज वाटली. रात्री जपाला बसली तर बोटं मणी ओढत राहिली आणि मन धक्क्याच्या खालच्या पायरीवर जाऊन उभं राहिलं. तिने जप पुन्हा पहिल्यापासून धरला. पुन्हा तेच.

सकाळी रंगारी आला. केस पांढरे, नखांत निळा रंग, दंडाला डबे अडकवलेले. ओसरीवर टेकला आणि पाणी पिऊन कान पुढे केला.

"बोला, आक्का."

"थोडं थांबता का? अजून ठरत नाहीये."

"जुन्याच नावाला काय ठरवायचं? माझा हात आपोआप वळतो. खरं सांगू का, स्वतःच्या बायकोचं नाव मी लिहिलं नसेल एवढं तुमचं लिहिलंय." मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो डबे आवरू लागला. "तिला सांगू नका म्हणजे झालं. आधीच मला घरात जेवायला शिळं मिळतं."

आक्का पदराआड हसली. तसं बघितलं तर या जगात तिचं नाव नीट, वळणदार, लक्ष देऊन लिहिणारा हा एवढाच माणूस होता, आणि त्यालाही ती आक्काच होती.

"घाई नाही म्हणा," जाता जाता रंगारी म्हणाला. "होडी अजून पाणी पितेय. फळ्या फुगल्या, फटी बसल्या, की तुमचा भाऊ तिला एक फेरी मारून गळती बघेल. मग वर ओढा, वाळवा, आणि मला बोलवा. तोवर काय, ती बिननावाची."

बिननावाची. तो गेला तरी आक्का तो शब्द धरून ओसरीवर बसून राहिली.

दुपारी भाऊ धक्क्याच्या पायरीवर दोर सोडवत होता, तिथे ती गेली आणि खालच्या पायरीवर, नेहमीच्या जागी, उभी राहिली.

"धाकट्या, गळती बघायला कधी काढणार?"

"आज-उद्या. मिस्त्री आणि मी."

"मला ने."

तो हसला. मग वर बघितलं, आणि त्याचं हसू मावळलं. "तुला?"

"तिला अजून नाव नाही ना? नाव नाही तर किनाराही नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला चळ लागला. म्हणू देत."

"अगं, बोट लागेल तुला. उलट्या करशील."

"उलटीला समुद्र काय लहान पडणार आहे?"

आता त्याला हसावंच लागलं. "बरं बाई. उद्या सकाळी चल."

"सकाळी नको. संध्याकाळी. दिवे लागताना."

भाऊ पुन्हा दोराकडे वळला. गाठ सुटलेली होती, तरी तो ती सोडवत राहिला. "सकाळी पाणी शांत असतं गं."

"मला दिवा बघायचाय."

त्याने दोराचं वेटोळं केलं. "बरं," म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आक्काने दिव्याची काच राखेने घासून लख्ख केली, तेल भरलं, वात कापली आणि चिमणीला बोलावलं. "सूर्य टेकला की देवापाशी लाव, मग हा लाव, आणि खिडकीत ठेव. हलवू नकोस."

"आत्या, मीपण येऊ ना होडीत?"

"तू आलीस तर दिवा कोण लावणार?"

शब्द तोंडातून गेले आणि आक्का थबकली. हे वाक्य तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. स्वतःला मात्र रोज म्हटलं होतं.

धक्क्यावर भावाने हात दिला. खालच्या पायरीवरून होडीपर्यंत एका ढांगेचं अंतर, पण आक्काला ते ओलांडताना डोळे मिटून घ्यावे लागले. पाय लाकडाला लागला. लाकूड तिच्या भाराने खाली गेलं आणि पुन्हा वर आलं, जिवंत असल्यासारखं.

"मधे बसा, आक्का," मिस्त्री म्हणाला. "वजन सारखं राहील. आणि पायाखाली पाणी दिसलं तर ओरडू नका, तेच बघायला निघालोय आपण."

भाऊ वल्ही मारू लागला. मिस्त्री ओणवा होऊन फळ्यांच्या जोडांवरून बोटं फिरवत होता. नव्या लाकडाचा आणि तेलाचा वास दाटला होता. धक्का मागे गेला. मासे वाळवायचे ओटे गेले, शाळेचं छप्पर गेलं. आक्काला बोट लागली नाही. तिला फक्त नवल वाटत होतं, की एवढी सगळी माणसं, एवढे त्यांचे आवाज, थोडं दूर गेलं की मुठीत मावतात. आपली गल्ली तिने ओळखली, पण उशिराने, एखादं नात्यातलं माणूस परक्या गर्दीत भेटावं तशी.

दिवे लागू लागले. एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. बर्फाच्या कारखान्यावरचा मोठा पांढरा दिवा लागला आणि त्याची रेघ पाण्यावरून थेट होडीपर्यंत आली.

आक्का शोधत होती. तिने शाळेपासून सुरुवात केली, मग पाण्याची टाकी, मग आपली गल्ली, मग पुन्हा शाळेपासून.

"कुठाय रे?"

भाऊ वल्ही मारत राहिला.

"धाकट्या, कुठाय?"

"ती शेड मधे येते, आक्का."

कारखान्याची पत्र्याची शेड. खिडकीतून बघताना ती उजव्या हाताला असायची आणि डावीकडे पाण्याची एक पट्टी दिसायची. पट्टी दिसते म्हणजे समुद्र दिसतो, आणि आपल्याला समुद्र दिसतो म्हणजे समुद्राला आपण दिसतो, असं तिने धरलं होतं.

"केव्हापासून?"

"बांधली तेव्हापासून."

शेड बांधली तेव्हा चिमणीचा जन्मही झाला नव्हता.

"बाबांना दिसायचा," भाऊ घाईने म्हणाला. "शप्पथ. मलाही आधी दिसायचा. छान दिसायचा."

"आणि नंतर रोज मला म्हणायचास..."

"तू दारात उभी असायचीस, न जेवलेली. तुला काय सांगणार होतो?" त्याने वल्ही थांबवली. "आणि अगदीच खोटं नव्हतं ते. धक्क्याला लागताना दिसतोच थोडा."

"मग येतोस कशाच्या आधाराने?"

त्याने हनुवटीने त्या पांढऱ्या दिव्याकडे दाखवलं. "सगळे त्याच्यावरच येतात."

मिस्त्रीने मान वर केली नाही. तो एकाच जोडावर बराच वेळ बोट धरून बसला होता.

आक्काने हात पाण्यात सोडला. पाणी गार होतं. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक जात होत्या. न्हालेली, उपाशी, हात जोडून उभी असलेली ती, आणि समोर पत्र्याची भिंत. देवाने तरी पाहिला असेल दिवा, असं तिने मनाशी म्हटलं. ते खरंच होतं. पण देवापुढे एक दिवा वेगळा लावलेला होताच. हा दुसरा माणसांसाठी होता.

मग तिने मान वर केली आणि पुन्हा बघू लागली. शेडच्या पत्र्याच्या वर एक काळा त्रिकोण उमटला होता. तो त्यांच्या घराचा माळा होता. त्यात हातभर खिडकी, जाळ्यांच्या आणि मोडक्या वल्ह्यांच्या अडगळीत बुजलेली. कधी न उघडलेली. तिच्याकडे आक्का होडी वळेपर्यंत बघत राहिली.

"कोरडी आहे," शेवटी मिस्त्री म्हणाला. "थेंब नाही कुठे."

धक्क्याजवळ आल्यावर शेडच्या कडेने दिवा दिसला. पिवळा, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या शेजारी एक डोकं दिसत होतं.

घरात शिरताच चिमणी धावत आली. "दिसला का, आत्या? दिसला?"

"दिसला की," हे आक्काच्या ओठांवर तयार होतं. किती सोपं होतं ते. लेकराचा चेहरा वर झाला होता आणि डोळे चमकत होते. भावाने इतकी वर्षं काय केलं ते तिला त्या क्षणी कळलं, आणि तिने त्याला मनातल्या मनात माफही केलं.

"नाही गं," ती म्हणाली. "शेडच्या आड गेला."

चिमणीने जरा विचार केला. "मग दुसरीकडे ठेवू." आणि लगेच म्हणाली, "आत्या, जेवूया? मला केव्हाची भूक लागलीय."

"मग जेवली का नाहीस? आईने वाढलं नाही?"

"वाढत होती. पण होडी यायची होती ना. तू जेवत नाहीस, म्हणून मीपण नाही जेवले. खिडकीतून हललेपण नाही."

दाराशी भावजय उभी होती. ती म्हणाली, "बघा. मी म्हटलं नव्हतं? घरात बसेल. एका संध्याकाळीत बसली." पण ते बोलताना तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

आक्काने चिमणीला जवळ घेऊन वाढलं. काडीसारखे ते पाय चटईवर दुमडलेले होते, गप्प, शहाण्यासारखे. एरवी ते जेवतानाही हलत असायचे. निजण्याआधी आक्का खोलीत आली आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवरून तिने बोट फिरवलं. अक्षरामागून अक्षर. काय करायचं ते तिला आता कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

होडी वर ओढली, वाळली. रंगारी आला, ओसरीवर टेकला, कान पुढे केला. आक्का वाकली आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून. शेवटचं कधी उच्चारलं होतं ते तिला आठवेना. परक्या बाईचं घ्यावं तसं ते तिच्या जिभेला जड गेलं.

रंगारी समाधानाने हसला. "म्हटलं नव्हतं? हात आपोआप वळेल."

"आपोआप नको," आक्का म्हणाली. "मागच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी सांगतेय. नव्याने लिहा."

त्याने मान डोलावली आणि ब्रश धुवायला बसला.

होडी कामाला निघायच्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. फडकं सुटलं. निळ्यावर पांढरं, ठसठशीत. भाऊ टाळी वाजवून म्हणाला, "हेच! मला माहीत होतं!" चिमणीने आधी नाव वाचलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि आनंदाने एक आरोळी ठोकून ती आक्काच्या कमरेला बिलगली.

भावजय मागे रेंगाळली. मंडळी पांगल्यावर ती आक्काजवळ आली. "तुमचे पाय सुटत होते, आक्का. मला काय कळत नाही असं वाटलं?"

"एक फेरी झाली की माझी."

"आणि ही पोर? आता ही घरात टिकेल?"

"सुट्टीच्या दिवशी जाईल. तेही अभ्यास मला दाखवून."

"हो, तुम्ही लाडावून ठेवा आणि मी ओरडून घसा बसवते," भावजय म्हणाली. पण घरी परतताना पायऱ्यांवर तिने आक्काच्या कोपराला हात दिला. असं तिने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

माळा आवरायला आक्काला बरेच दिवस लागले. गुडघे कुरकुरायचे, शिडी कुरकुरायची, दोघांचं चांगलं जमलं. भाऊ म्हणाला, "कशाला चढउतर करतेस? विजेचा दिवा लावून देतो. खाली बटण, दाबलं की लागला."

"बटण दाबायला मी कशाला हवी?" आक्का म्हणाली, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

चिमणी पहिल्यांदा होडीतून जायची होती त्या सकाळी आक्काने तिचे केस घट्ट विणले आणि हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. "संध्याकाळी येताना माळ्याकडे बघ. दिसला तर दिसला म्हण. नाही दिसला तर नाही म्हण. माझं तोंड बघून सांगू नकोस."

दिवस नेहमीसारखा गेला. सूर्य टेकला तशी ती न्हाली, देवापुढे दिवा लावला, त्याच ज्योतीवर दुसरा लावला आणि एका हाताने शिडी धरत वर गेली. माळ्यावर जुन्या जाळ्यांचा खारट वास राहिला होता. खिडकीत दिवा ठेवून ती शेजारी एका पेटीवर बसली. पत्र्याच्या वरून इथून खरंच पाणी दिसत होतं, पट्टीएवढं नाही, पुष्कळ. त्या पाण्यावर होड्यांचे ठिपके होते. त्यांतला आपला कोणता ते ओळखू येत नव्हतं. खाली भावजयीची भांडी वाजत होती. माळ्यावर आक्काच्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

मग धक्क्यावरून हाक आली. "आली रे आली!" आणि मग तिचं नाव. राकट, घसा बसलेला आवाज. "टोपल्या आणा, टोपल्या!"

"ओ," आक्का म्हणाली. अगदी हलक्या आवाजात. ऐकायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून या वेळी तिने तोंड मिटून घेतलं नाही.

ती जपून शिडी उतरली आणि दारात येऊन उभी राहिली. चिमणी भावाच्या पुढे धावत आली. केस विस्कटलेले, अंगाला माशांचा वास, ओठ मिठाने पांढरे. आक्काने नेहमीचा प्रश्न विचारला.

चिमणी धापा टाकत थांबली. मागून भाऊ तिला डोळ्यांनी खुणावत होता.

"नाही दिसला, आत्या," ती म्हणाली. "मी सारखी बघत होते. आपलं छप्पर दिसलं. दिवा नाही."

"अगं चिमणे," भाऊ म्हणाला, "जरासा दिसत होता की तो."

"नव्हता दिसत, बाबा!"

आक्काने तिच्या ओठांवरचं मीठ पदराने पुसलं. मग आत जाऊन तिने ताटं घेतली, आपलं आणि त्यांची, आणि ओळीने मांडली.

"खिडकीची काच आतून पुसली, बाहेरून राहिलीच," ती म्हणाली. "आणि उद्या वात जरा जाड करते."